होमस्कूलिंग सुरू करताना: दोन टोकं पक्की, मधलं सैल

नाशिकहून एका आईने विचारलं आहे. मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून रडतो, शनिवारी-रविवारी दुखत नाही. धाकटी चार वर्षांची. आई घरून अर्धवेळ काम करते, बाबांची नोकरी फिरतीची, घरात सासूबाई आहेत. मुलाला घरीच शिकवावं असं मनात आहे. त्यावर तिचे प्रश्न: हे कायद्यात बसतं का, अभ्यासक्रम कुठला घ्यायचा, रोज किती तास बसायचं, दहावीचं काय आणि मुलाला मित्र कुठून मिळणार?

ताई, मी साताऱ्यात राहते. 2014 च्या जूनपासून आमची मुलं घरी शिकतात. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, पहिली करून बाहेर पडली. मुक्त विद्यालयातून दहावी केली, मग अकरावीला कॉलेजात गेली आणि आता पदवीला आहे. धाकटा चौदा वर्षांचा, तो शाळेत कधी गेलाच नाही. गेल्या काही वर्षांत बऱ्याच आयांशी आणि काही बाबांशी याच प्रश्नांवर बोलले, त्या सगळ्यावरून लिहिते आहे.

आधी पोटदुखीबद्दल. ती खरी असते, मूल नाटक करत नाही. पण ती कशाची आहे हे कळल्याशिवाय दाखला काढू नका. डोळे तपासा, कान तपासा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वर्गात बोलणी खाणारी मुलं मी पाहिली आहेत, चष्मा लागला आणि पोटदुखी थांबली. वर्गशिक्षिकेला एकटीने भेटा. बसमध्ये कोणी मोठं मूल त्रास देतं का, हे मुलाला थेट न विचारता रात्री झोपताना गप्पांत काढून घ्या. कधी कधी शाळा बदलणं, नाहीतर माध्यम बदलणं पुरतं. घरी शिकवणं हा बारा-तेरा वर्षांचा संसार आहे. तो एका वाईट वर्गाला उत्तर म्हणून मांडू नये, मनापासून हवा असेल तरच मांडावा.

आणि शाळेबद्दल कडवटपणा घेऊन सुरुवात करू नका. मी ज्या गावात राहते तिथल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 7 नोव्हेंबर 1900 ला भीमरावांचं नाव लागलं, म्हणून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस पाळला जातो. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं. कर्मवीर अण्णांची रयत इथलीच. शाळेचं दार उघडावं म्हणून आपल्याकडे माणसांनी शेण-दगड झेललेत. माझ्या मुलीला शाळेतून काढायला मी गेले तेव्हा हे मनात होतं आणि अजूनही असतं. आपण घरी शिकवू शकतो कारण आपण शिकलेले आहोत, घरात एक माणूस थोडा मोकळा आहे. ही सोय प्रत्येकाला नाही. ज्या घरात दोघंही दहा तास बाहेर असतात आणि मूल मोबाइलबरोबर एकटं राहणार आहे, तिथे मी स्पष्ट सांगते की शाळाच बरी.

तुमच्याकडे सासूबाई आहेत आणि तुमचं काम अर्धवेळ आहे. रोज तीन तास सलग, फोन बाजूला ठेवून, तुम्ही मुलाजवळ असू शकता का? असू शकत असाल तर पुढचं वाचा.

कायद्याचं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. वय 6 ते 14. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. पण तसं न करणाऱ्या पालकाला या कायद्यात कुठलीही शिक्षा किंवा दंड नाही. घरी शिकवण्याला वेगळी परवानगी द्यायची सोयही नाही आणि नोंदणी करायचं कार्यालयही नाही. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला होता. तेव्हा केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. लोक त्याचा कागद खिशात घेऊन फिरतात, पण ते प्रतिज्ञापत्र आहे, कायदा नव्हे. थोडक्यात, मनाई नाही आणि राजमान्यताही नाही, अशा पट्ट्यात आपण राहतो. दिलासा देणारी गोष्ट कलम 4 मध्ये आहे: शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे सहा महिन्यांनी नाही जमलं तर परत जायला वाट आहे. हे सासूबाईंना नक्की सांगा, त्यांची अर्धी काळजी तिथेच उतरेल.

व्यवहारात काय होतं ते सांगते. 4 जुलै 2015 ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची होती. आमच्या दारात दोन शिक्षिका आल्या, पावसात भिजलेल्या, हातात फॉर्मचा गठ्ठा. मुलगी ओट्यापाशी उभी राहून डाळ निवडत होती. मी त्यांना बसवलं, चहा दिला, तिच्या वह्या, चित्रं, वाचलेल्या पुस्तकांची यादी, सगळं पुढे ठेवलं. एका बाईंनी तिला भागाकार घातला, तिने केला. दुसऱ्या बाई वही चाळत म्हणाल्या, "अक्षर सुधारायला हवं हं." ते खरंच होतं. भांडण नाही, पाणउतारा नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगते: तारखेनिशी वह्या ठेवा. महिन्याला एक पान लिहा, काय वाचलं, काय केलं, कुठे गेलो. कोणी विचारायला आलं तर लपवू नका, दाखवा.

कागदपत्रांचं याच जोडीने उरकून टाका, कारण आपल्याकडे शाळेचा दाखला हा नुसता शिक्षणाचा कागद नसतो. जन्मतारीख आणि जात दोन्ही पुढे त्यावरूनच पाहतात. मूल शाळेत गेलेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला नीट वाचून घ्या, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जातीचा रकाना. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, दहा वर्षांनी त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. धाकटी शाळेत जाणारच नसेल तर जन्मदाखला, आधार, रहिवासाचा पुरावा, लागू असेल तर वडिलांच्या दाखल्यावरून जातीचं प्रमाणपत्र, हे ती लहान असतानाच काढून ठेवा.

आता अभ्यासक्रम. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी याच्यावर आहेत. तीन पॅकेजांची तुलना करून ठेवलीत, किमतींसकट. ताई, यातलं काहीही आज विकत घेऊ नका.

मी घेतलं होतं. पहिल्याच वर्षी, परदेशी तयार संच, पेटी भरून पुस्तकं, शिक्षकासाठी वेगळं पुस्तक, दिवसागणिक वेळापत्रक. पंचवीस हजार गेले. पेटी उघडली तेव्हा मला इतकं सुरक्षित वाटलं होतं, जणू कोणीतरी माझी जबाबदारी उचलली. सातव्या आठवड्यात मुलगी पैशांच्या पानावर अडली. चार नाणी छापलेली, प्रत्येकाचं नाव वेगळं, आणि त्यांची बेरीज करायची. तिने विचारलं, "आई, हे पैसे कुठे चालतात?" तोपर्यंत तिने बर्फाचा माणूस रंगवला होता, न पाहिलेल्या पक्ष्याची घरटी ओळखली होती, आणि आमच्या अंगणात बुलबुलाने तीन अंडी घातली होती त्याबद्दल वहीत एक ओळ नव्हती. संच वाईट नव्हता. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, तिथे अशा संचांची मोठी बाजारपेठ आहे, तो तिथल्या घरासाठी लिहिलेला होता. माझी चूक ही की मूल कसं शिकतं हे पाहायच्या आधी मी काय शिकवायचं ते विकत आणलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: दोन टोकं पक्की करा आणि मधलं सैल ठेवा. एक टोक आजच्या दिवसाचं, घरातला रोजचा क्रम. दुसरं टोक दहावीचं, मूल कुठल्या दारातून बाहेर पडणार ते. या दोहोंच्या मध्ये पुस्तक बदला, पद्धत बदला, वर्षभर एखादा विषय बाजूला ठेवा, काही बिघडत नाही. लोक नेमकं उलटं करतात. मधला संच पक्का धरून ठेवतात, रोज उठायच्या वेळेचा पत्ता नसतो, आणि दहावीचा विचार मुलाच्या पंधराव्या वर्षी सुरू होतो.

पहिलं टोक. शाळेतून काढल्यावर लगेच वह्या काढू नका. घरी शिकवणाऱ्यांत एक ढोबळ हिशोब सांगतात, शाळेत घालवलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मोकळा सोडावा. तुमचा मुलगा बालवाडीपासून धरला तर चार-पाच महिने. या काळात तो लोळेल, कंटाळेल, "आता काय करू?" असं दिवसातून वीस वेळा विचारेल. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात मुलीने कंटाळून स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवले आणि कडधान्यांची चिठ्ठ्या लावून मांडणी केली. मटकी, हुलगे, चवळी, मसूर. "हुलगे" लिहिताना ह ला उकार कुठे द्यायचा म्हणून विचारायला आली. तिथून आमचा अभ्यास सुरू झाला.

मात्र मोकळं म्हणजे बेबंद नव्हे. उठायची, जेवायची, झोपायची वेळ ठरलेली. सकाळी घरातलं एक काम त्याचं स्वतःचं. दुपारी मोठ्याने वाचून दाखवणं. संध्याकाळी मैदान, रोज, पाऊस असला तरी. टीव्ही-मोबाइलचा पडदा दिवसा बंद. एवढा क्रम दोन महिने टिकला की त्यात अभ्यास बसवणं सोपं जातं. आणि किती तास? सात वर्षांच्या मुलाला बसून करायचं काम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, तेही दोन तुकड्यांत. नऊ-दहाला दीड-दोन तास. बारा-तेराला तीन. वर्गात चाळीस मुलांमागे जो वेळ जातो तो घरी जात नाही, म्हणून घाबरू नका.

माध्यम. तुम्ही घरी मराठी बोलता आणि मुलगा दुसरीत असून मराठी वाचत नाही, असं लिहिलंत. मग सुरुवात मराठीपासून करा. अक्षर आणि आवाज यांची जोडी मराठीत सरळ आहे, आठ-दहा अक्षरं आली की मूल खरंखुरं वाचू लागतं, आणि आपण वाचणारे आहोत हा भरवसा एकदा आला की इंग्रजी मागोमाग येतं. पण अ अननसाचा ते ज्ञ ज्ञानेश्वरांचा अशी रांग लावू नका. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर भागात क्वेस्ट संस्थेने मराठी वाचनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी: मोजकी अक्षरं द्यायची, पण अशी की त्यांतून लगेच शब्द तयार व्हावेत.

धाकट्याच्या वेळी मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पत्ती कापली. म, क, न, ल आणि काना वेगळा. पाचच पत्ते. मका. काम. माल. कमान. एका दुपारी त्याने न, काना, क असे मांडले आणि नाकाला हात लावून वाचलं, "नाक." मग काय वाटलं कोण जाणे, तिन्ही पत्ते उलट्या क्रमाने लावले. क, काना, न. क्षणभर गप्प बसला आणि ओरडला, "आई, नाक उलटं केलं की कान होतं!" आजीला दाखवायला पत्ते घेऊन धावला. मी त्याला हे सांगायचं ठरवलं असतं तर त्याची मजा गेली असती. उकार-वेलांट्या त्यानंतर, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. त्यातला र फार छळतो, सूर्यातला वेगळा, चक्रातला वेगळा, ट्रकमधला वेगळा आणि साताऱ्यातला तर आणखीच वेगळा. तिथे घाई नको.

हाच मुलगा सलग परिच्छेद मात्र जवळजवळ नऊ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. त्या दोन वर्षांत मी रात्री रडले आहे. डोळे तपासले, कान तपासले, शिकण्यातल्या अडचणींसाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. काही निघालं नाही, त्याला वेळ हवा होता. अखेर वर्तमानपत्राच्या क्रीडापानाने त्याला वाचायला लावलं, धावफलक आणि खालची बातमी. पण तपासणी मी टाळली असती आणि अडचण निघणारच असती, तर ते नुकसान माझ्या हातून झालं असतं. साडेसात-आठपर्यंत अक्षरांत फारच गोंधळ होत असेल तर थांबू नका. मुंबईत सायनच्या रुग्णालयात यासाठी खास विभाग आहे, आणि सरकारी प्रमाणपत्र असलं तर पुढे परीक्षेत सवलती मिळतात.

वाचायला काय द्यायचं याची चणचण नाही. बालभारतीचा "किशोर" 1971 पासून निघतो, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. आणि नगरवाचनालयाचं कार्ड मुलाच्या नावाने काढा, सही त्याला करू द्या.

गणितात शंभर मण्यांची गणितमाळ करा, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. मराठी आकड्यांत एक गोची आहे: सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मुलं 74 लिहितात. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी पर्यायी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझं मत असं की दोन्ही म्हणू द्यावं. माळेवर चार दहा आणि सात मोजताना "चाळीस सात" म्हणायला काय हरकत आहे, त्याच मुलाला बाजारात सत्तेचाळीस कळायलाच हवेत. आणि सासूबाईंना विचारा, त्यांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, येतात का. माझ्या सासूबाईंना पावकीपासून अडीचकीपर्यंत सगळं पाठ होतं. "सात पाव पावणेदोन," असं त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या आणि मुलगी मागून म्हणायची. अपूर्णांकांचं पान उघडलं तेव्हा तिला ते नवीन नव्हतंच. दहाव्या वर्षी मंडईत अडीच किलो कांद्यांचे तीसच्या भावाने पंच्याहत्तर तिने भाजीवाल्याच्या आधी सांगितले. घरातल्या मोठ्यांचा विरोध मावळवायचा मला माहीत असलेला हा एकच खात्रीचा मार्ग आहे, त्यांना शिकवायचं काम द्या. खरं काम, त्यांना येतं ते.

आता पुस्तकं. तिसरी-चौथीपर्यंत बालभारती पुरेशी आहे. संच काही शे रुपयांत येतो, पीडीएफ तर फुकट आहे. मराठी, परिसर अभ्यास, चौथीतला शिवरायांचा इतिहास, हे आपल्या मुलांनी आपल्या भाषेत वाचावं असं मला मनापासून वाटतं. पाचवी-सहावीला गणित-विज्ञानात सेमीची पुस्तकं आणा, म्हणजे संज्ञा दोन्ही भाषांत रुळतात. सहावीपासून गणित-विज्ञानाला एनसीईआरटीची जोड द्या, ती अलीकडे बदलली आहेत म्हणून नवी आवृत्तीच घ्या. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची खेळणी, काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ यांतून होणारी. तिथे मराठी पुस्तकंही ढिगाने आहेत. केंब्रिज या परदेशी परीक्षा मंडळाचा रस्ता परदेशी शिकायचं पक्कं असेल तरच, बाहेरचा विद्यार्थी घेणारं केंद्र शोधावं लागतं आणि प्रत्येक विषयाची फी हजारांत जाते. माँटेसरीचं साहित्य सुंदर असतं, पण तुमच्या मुलाचं त्यातल्या बहुतेक साहित्याचं वय गेलं आहे.

आणि पुस्तक पुरं करायचा आग्रह सोडा. मूल भागाकारात अडलं तर महिनाभर भागाकारच. इतिहासात रमलं तर रमू द्या.

दुसरं टोक, दहावी. यासाठी मुलाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी बसून निर्णय घ्यावा. बहुतेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून जातात, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था, 1989 पासूनची. दहावीला बसायला वय किमान 14 पूर्ण, आधीच्या शाळेची अट नाही. किमान पाच विषय, हवे तर सात, त्यांत एक किंवा दोन भाषा. मराठी आहे, चित्रकला आहे, गृहविज्ञान आहे, मानसशास्त्रही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी, आणि विषय तोडून देता येतात. माझ्या मुलीने एका खेपेला दोन विषय दिले, पुढच्या खेपेला तीन. एका वेळी दोनच विषयांत डोकं घातल्याने ती शांत राहिली. गुणांतले 20 टक्के घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे असतात, त्यांची तारीख चुकवू नका. पुण्यात विभागीय केंद्र आहे.

इथे तीन खबरदाऱ्या. दुसरे विषय सोपे वाटतात म्हणून गणित आणि विज्ञान टाकू नका, अकरावी सायन्सला तिथेच अडतं. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा, कारण पुढे राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशांत दहावी-बारावी राज्यातून झाली का हे पाहिलं जातं. आणि फॉर्म स्वतः संकेतस्थळावरून भरा. "एका वर्षात दहावी, पास करून देऊ" म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. आमच्या ओळखीतल्या एका घराने असे पैसे भरले आणि हातात आलेला कागद ज्या मंडळाचा होता त्याला मान्यताच नव्हती. मुलाची दोन वर्षं गेली.

दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावीला बसणं. त्यात आधीच्या शाळेचा दाखला विचारतात, म्हणून मुलाचा दाखला जपून ठेवा. तिसरी, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, त्यात पाचवी आणि आठवीच्या पातळीच्याही परीक्षा आहेत. मधूनच शाळेत परत जायचा विचार असेल त्यांना त्याचा उपयोग होतो.

डॉक्टरकीचं विचारलंत. 2018 मध्ये मुक्त विद्यालयातल्या मुलांना नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला, बसू द्यायचं नाही असा नियम आला होता, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. तरी मी सांगते, सायन्सला जायचं असेल तर अकरावी-बारावी कॉलेजातून करावी, प्रयोगशाळा घरी होत नाही. माझी मुलगी अकरावीत गेली तेव्हा पहिले दोन महिने तिला साठ जणांच्या वर्गात लिहून घ्यायचा वेग जमत नव्हता. दिवाळीपर्यंत जमला.

मित्रांचं उत्तर छोटं आहे. मित्र वर्गात मिळतात तसे मैदानावर मिळतात, फक्त तिथे तुम्हाला रोज घेऊन जावं लागतं. एकच ठिकाण, ठरलेली वेळ, वर्षभर. आमच्या मुलांना कबड्डीचा संघ, गल्लीतलं गणेश मंडळ आणि रविवारी अजिंक्यतारा चढणारा गट यांतून सवंगडी मिळाले. पुण्या-मुंबईत आणि नाशकातही घरी शिकवणारी कुटुंबं आहेत, "स्वशिक्षण" या नावाने देशभरातले असे पालक जोडलेले आहेत. महिन्यातून एकदा तरी भेटा. मुलापेक्षा तुम्हाला त्याची जास्त गरज पडेल.

तुमचे यजमान साशंक आहेत म्हणता. त्यांना मुदत द्या: एप्रिलमध्ये हे वर्ष संपू द्या, जूनपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एक वर्ष करून पाहू, मग तिघं मिळून ठरवू. आणि फिरतीवर असतानाही रोज रात्री फोनवर मुलाला दहा मिनिटं वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे ठेवा. आमच्या घरी बाबांनी बदलीच्या दोन वर्षांत फोनवर आठ जाडजूड पुस्तकं वाचली.

राहिली चार वर्षांची लेक. तिच्यासाठी पाटी, खडू, मातीचा गोळा आणि बोथट कात्री. दादाचे पत्ते तिला हाताळू द्या, शिकवू नका. कणीक मळताना एक गोळा तिला द्या आणि तिच्या वेड्यावाकड्या पोळीला तव्यावर जागा ठेवा.